औषधाला पुरून उरणारे जंतू

क्षयरोगाच्या इतिहासात १९४८ च्या ऑक्टोबर महिन्याला मोठे महत्त्व आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने त्या महिन्यात एका नव्या औषधाच्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. हे औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन. अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाला ते १९४३ साली मातीत वाढणाऱ्या एका सूक्ष्मजीवापासून मिळाले होते. पेनिसिलिनचा क्षयाच्या जंतूंवर उपयोग होत नसे. त्यामुळे विश्रांती, सकस आहार, मोकळी हवा आणि काही प्रसंगी छातीची शस्त्रक्रिया यांपलीकडे क्षयरोग्याला देण्यासारखे डॉक्टरांच्या हाती तोवर फारसे काही नव्हते.

चाचणीसाठी दोन्ही फुप्फुसांत झपाट्याने पसरणारा क्षय झालेले १०७ तरुण रुग्ण निवडण्यात आले. औषधाचा साठा अपुरा होता आणि ते सर्वांना देणे शक्यच नव्हते. तेव्हा कोणाला औषध मिळावे हा निर्णय कोणा व्यक्तीच्या मर्जीवर न ठेवता बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांवर सोपविण्यात आला. ५५ रुग्णांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. उरलेल्या ५२ रुग्णांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनी पाहिले तो औषध न मिळालेल्यांपैकी १४ जण दगावले होते आणि औषध मिळालेल्यांपैकी अवघे ४. क्षयावर खरोखर गुणकारी असे औषध मानवाला अखेर लाभले, याविषयी शंका उरली नाही.

परंतु याच रुग्णांची हकीकत पुढे पाच वर्षे पाहिली तर चित्र पालटलेले दिसते. औषध न मिळालेल्या ५२ जणांपैकी ३५ जण तोवर मृत्यू पावले होते. औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ३२. सहा महिन्यांच्या वेळी जो फरक एवढा ठळक होता, तो पाच वर्षांत जवळजवळ पुसला गेला. औषध तेच होते, मात्रा योग्य होती, रुग्ण रुग्णालयातच होते आणि त्यांनी औषध घेण्यात कुचराई केली असे म्हणण्यास कोणताही आधार नव्हता. मग झाले काय? उत्तर रुग्णांच्या थुंकीत सापडले. उपचार सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच, तपासलेल्या बहुतेक रुग्णांच्या थुंकीतील जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. आरंभी ज्या मात्रेने जंतूंची वाढ खुंटत असे, तिच्या कितीतरी पट औषध असतानाही ते आता सुखाने वाढत होते.

असे का घडते, याचे एक उत्तर लोकांच्या बोलण्यात पूर्वापार रूढ आहे. ‘जंतूंना औषधाची सवय झाली,’ असे म्हटले जाते. रोज थोडीथोडी अफू घेणाऱ्याच्या अंगी जशी ती जिरते, किंवा उन्हातान्हात राबणाऱ्याची कातडी जशी राठ होते, तसे औषधाच्या सहवासात जंतूही निबर होत असावेत, अशी ही कल्पना आहे. ती सोपी आहे आणि मनाला चटकन पटते. तथापि ती खरी नाही. आणि ती खरी नाही ही गोष्ट केवळ पंडितांच्या वादापुरती नाही. सवयीची कल्पना मानली तर उपचाराची एक रीत सुचते, आणि खरे कारण समजले तर अगदी निराळी. या दोन रीतींमध्ये असंख्य माणसांच्या जीवनमरणाचे अंतर आहे.

भातशेती करणाऱ्याला ठाऊक असलेला एक अनुभव येथे उपयोगी पडेल. भाताच्या खाचरात एक तण असे उगवते, की लोंबी येईपर्यंत भाताचे रोप कोणते आणि तण कोणते हे ओळखू येत नाही. या तणाने भाताचे रूप घेण्याची विद्या कोठून संपादन केली? त्याने ती संपादन केलेली नाही. बेणणी करणाऱ्या हातांनी पिढ्यानपिढ्या डोळ्यांना वेगळे दिसणारे तण उपटून बांधावर टाकले. ज्या थोड्या रोपांची ठेवण जन्मतःच भातासारखी होती, ती नजरेतून सुटली, पिकली आणि त्यांचेच बी खाचरात पडले. निवड करणारा हात माणसाचा होता. जे निवडले गेले ते आधीपासूनच तेथे होते. जंतू आणि औषध यांचे नाते नेमके असेच आहे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता, आणि त्याचा निकाल लावणारा प्रयोग, योगायोगाने, स्ट्रेप्टोमायसिनच्या जन्मवर्षीच, म्हणजे १९४३ साली प्रसिद्ध झाला.

हा प्रयोग साल्व्हाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांचा. लुरिया मूळचे इटलीचे आणि डेलब्रुक जर्मनीचे. दोघेही युरोपातील अरिष्टामुळे अमेरिकेत आले होते. त्यांचा प्रयोग औषधावर नव्हता. जंतूंना खाऊन टाकणारे जे विषाणू असतात, त्यांच्या तावडीतून काही जंतू कसे निसटतात, हे त्यांना पाहावयाचे होते. तथापि प्रश्न तोच होता: शत्रू समोर आल्यावर जंतूंमध्ये पालट होतो, की काही जंतू आधीपासूनच पालटलेले असतात? इंडियाना विद्यापीठातील एका नृत्यसमारंभात लुरिया यांचे सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकीत होते. बहुतेक खेपांना यंत्र काहीच देत नसे, क्वचित थोडे देई आणि एखाद्या वेळी एकदम घबाड ओकत असे. हे पाहता पाहता लुरियांना प्रयोगाची युक्ती सुचली.

ती युक्ती अशी. मूठभर जंतू घेऊन ते अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढू द्यावेत आणि मग प्रत्येक नळीतील जंतूंची गाठ शत्रूशी घालावी. शत्रूशी गाठ पडल्यावरच जर काही जंतू प्रतिकार शिकत असतील, तर सर्व नळ्यांत बचावणाऱ्यांची संख्या साधारण सारखी यावयास हवी, कारण परीक्षा सर्वांची एकाच वेळी आणि सारखीच झाली आहे. उलट पालट आधीच, वाढीच्या काळात, केव्हातरी आपोआप होत असेल, तर संख्यांत प्रचंड तफावत पडेल. वंशवृक्षात एखादे लक्षण खापरपणजोबांपाशी उगम पावले तर ते शेकडो वंशजांत उतरते. नातवापाशी उगम पावले तर दोनचार मुलांपुरतेच राहते. तसेच येथेही. ज्या नळीत पालट लवकर झाला तेथे घबाड, जेथे उशिरा झाला तेथे चिल्लर, आणि जेथे झालाच नाही तेथे शून्य. प्रत्यक्षात नळ्यांतून नेमकी अशीच तफावत आढळली. पालट आधी होतो आणि परीक्षा नंतर येते, हे त्यावरून निष्पन्न झाले.

लुरिया-डेलब्रुक यांचा पुरावा गणिताचा होता आणि गणित सर्वांनाच पटते असे नाही. १९५२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्याने तीच गोष्ट डोळ्यांना दिसेल अशी करून दाखविली. त्यांची सामग्री अगदी साधी होती: लाकडी ठोकळा आणि त्यावर ताणून बसविलेले मखमली कापड. बशीतील पोषक थरावर जंतूंची दाट वाढ झाली की तिच्यावर हे मखमल अलगद टेकवावयाचे. मखमलीच्या केसांना जंतू चिकटतात. मग रबरी शिक्का उमटवावा तसा तो ठोकळा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या नव्या बश्यांवर एकामागून एक टेकवावयाचा. औषध असलेल्या बश्यांतून बहुतेक जंतू मेले; परंतु जे थोडे ठिपके वाढले ते सर्व बश्यांतून एकाच जागी वाढले. याचा अर्थ मूळ बशीत त्या जागी असलेले जंतू आधीपासूनच वेगळे होते. मग लेडरबर्ग दांपत्याने मूळ बशीतील, औषधाचा स्पर्शही न झालेल्या, नेमक्या त्याच जागेवरचे जंतू उचलले, ते पुन्हा वाढविले, पुन्हा ठसे घेतले, आणि असे करीत करीत शेवटी अशी शुद्ध जात वेगळी काढली की जिने स्ट्रेप्टोमायसिन कधी पाहिलेच नव्हते, तरीही जी त्याला पुरून उरत होती. सवयीच्या कल्पनेला यानंतर जागा उरली नाही.

हा वेगळेपणा येतो कोठून? जंतूची एकाची दोन होताना त्याच्या जनुकांची नक्कल करावी लागते. पोथीची नक्कल करणारा लेखक कितीही काळजीपूर्वक लिहो, हजारो पानांत एखादे अक्षर चुकतेच. जनुकांच्या नकलेतही तसेच होते आणि या चुकीला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरर्थक असतात, काही घातक ठरतात. परंतु एखादी चूक नेमकी अशा ठिकाणी पडते की औषधाचा नेम चुकावा. स्ट्रेप्टोमायसिन जंतूच्या पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे रायबोसोमला, जाऊन चिकटते आणि तिचे काम बिघडविते. त्या यंत्रणेच्या एका घटकात लहानसा बदल झाला की औषधाला तेथे बसावयास जागा राहत नाही, आणि यंत्रणा मात्र चालू राहते. कुलपाचा एकच दात बदलला तर किल्ली फुकट जाते, तसा हा प्रकार आहे. जंतूने त्यासाठी काही प्रयत्न केलेला नसतो. त्याच्या लक्षावधी भावंडांना ज्या चुका भोवल्या, तशीच एक त्याला फळली, इतकेच.

आता पुन्हा १९४८ च्या त्या रुग्णांकडे वळले म्हणजे त्यांचे दुर्दैव स्पष्ट होते. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली की तिच्यात जंतूंची संख्या सहज दहा कोटींच्या घरात जाते. एवढ्या प्रचंड समुदायात एका विशिष्ट औषधाला दाद न देणारे थोडेसे जंतू औषधाची पहिली मात्रा शरीरात जाण्यापूर्वीच हजर असतात. औषध सुरू झाले की बाकीचे कोट्यवधी जंतू मरतात. ताप उतरतो, खोकला कमी होतो, वजन वाढते, छातीच्या चित्रात सुधारणा दिसते. रुग्णाला आणि डॉक्टरांनाही वाटते की जिंकले. परंतु मोकळ्या झालेल्या रानात मागे राहिलेले थोडे जंतू वाढू लागतात. क्षयाचा जंतू संथ आहे; आतड्यातील काही जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात, तर याला सुमारे एक दिवस लागतो. तरीही काही आठवड्यांत तो ती पोकळी पुन्हा भरून काढतो, आणि या खेपेला ती सर्व प्रजा औषधाला न जुमानणाऱ्या मोजक्या पूर्वजांची असते. औषधाने रोग मारण्याऐवजी रोगाची जात बदलली, असे या रुग्णांच्या बाबतीत घडले.

कारण समजले तेव्हा उपायही त्यातूनच सुचला. जर प्रतिकार ही सवय असती, तर मात्रा वाढविणे किंवा औषधे आळीपाळीने देणे शहाणपणाचे ठरले असते. परंतु तो जर नकलेतील अपघात असेल, तर दोन भिन्न अपघात एकाच जंतूच्या वाट्याला येण्याचा संभव किती, एवढेच मोजावे लागेल. आयसोनियाझिड हे क्षयावरील औषध १९५२ साली उपयोगात आले. त्याला दाद न देणारा जंतू सुमारे दहा लाखांत एखादा असतो. पुढे आलेल्या रिफॅम्पिसिनला दाद न देणारा सुमारे दहा कोटींत एखादा. दोन्हींना एकदम तोंड देणारा जंतू आपोआप उत्पन्न व्हावयाचा तर दहा लाखांना दहा कोटींनी गुणावे लागेल, म्हणजे कोटीला कोटीने गुणून जी संख्या येते तितक्या जंतूंत तो एखादा सापडेल. इतके जंतू कोणत्याही माणसाच्या छातीत मावत नाहीत. म्हणून दोन औषधे एकाच वेळी दिली तर पहिल्याच्या तावडीतून सुटलेल्याला दुसरे गाठते आणि दुसऱ्याच्या तावडीतून सुटलेल्याला पहिले. ब्रिटिश परिषदेने पुढची चाचणी याच दृष्टीने केली. स्वीडनमधील यॉर्गेन लेमान यांनी शोधलेले ‘पास’ नावाचे औषध स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला देण्यात आले. एकटे ‘पास’ दुबळे होते. पण या जोडीमुळे प्रतिकारी जंतू वर डोके काढण्याचे प्रमाण एकदम खाली आले. क्षयावरील औषध कधीही एकटे द्यावयाचे नाही, हा नियम तेथून रूढ झाला आणि तो आजतागायत मोडता आलेला नाही.

या नियमाची कसोटी पाहण्याचे मोठे कार्य भारतात झाले. १९५६ साली मद्रास येथे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने, क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. आज तेच चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चालते. भारतात त्या वेळी क्षयरोग्यांची संख्या इतकी होती आणि आरोग्यधामांतील खाटा इतक्या थोड्या, की प्रत्येकाला दाखल करून घेणे स्वप्नातही शक्य नव्हते. मद्रासच्या केंद्राने शहरातील गरीब वस्तीतले १९३ रुग्ण घेतले. काहींना वर्षभर आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच. औषधे मात्र दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि ‘पास’. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी जगातील क्षयोपचाराची दिशा बदलली. घरी राहिलेल्यांना आलेला गुण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळजवळ बरोबरीचा होता आणि त्यांच्या घरच्या माणसांना अधिक धोका पोहोचला नव्हता. खाट, दूध आणि डोंगरावरची हवा यांहून दोन औषधांची नियमित जोडी श्रेष्ठ ठरली.

मात्र त्याच केंद्राला दुसरीही एक गोष्ट दिसून आली. घरी दिलेले औषध पोटात जातेच असे नाही. अचानक भेट देऊन गोळ्या मोजल्या आणि लघवी तपासली, तेव्हा काही रुग्ण मधूनमधून औषध टाळतात हे उघड झाले. त्यात नवल काही नाही. ‘पास’ची मात्रा मोठी, चव वाईट आणि पोटाला त्रास देणारी, शिवाय बरे वाटू लागलेल्या माणसाला, ज्याला रोज मजुरीला जावयाचे आहे त्याला, वर्षभर औषधाचे भान ठेवणे अवघड. म्हणून केंद्राने आठवड्यातून दोन वेळा कर्मचाऱ्यांच्या देखत औषध देण्याची पद्धत अजमाविली आणि ती यशस्वी झाल्याचे १९६४ साली जाहीर केले. पुढे जगभर जी देखरेखीखालील औषधोपचाराची पद्धत पसरली, तिचे एक मूळ मद्रासमध्ये आहे. याच सुमारास पुण्याजवळ पिंपरी येथे, १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. औषध देशात निर्माण होऊ लागले होते आणि ते कसे वापरावे याचे ज्ञानही देशातच निर्माण होत होते, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

येथे एक शंका साहजिक आहे. दोन किंवा चार औषधे एकदम दिली आणि जंतू मेले, तर मग सहा महिने उपचार कशासाठी? याचे कारण प्रतिकाराहून वेगळे आहे. पोकळीतील सर्वच जंतू सारखे चपळ नसतात. काही जवळजवळ निद्रिस्त असतात आणि बहुतेक औषधे वाढणाऱ्या जंतूंवरच प्रभावी असतात. डब्लिनचे जोसेफ बिगर यांनी १९४४ साली पेनिसिलिनचा अभ्यास करताना असे झोपेत बचावणारे जंतू दाखवून दिले होते. ते प्रतिकारी नसतात. जागे झाले की त्याच औषधाने मरतात. परंतु ते जागे होण्याच्या आत औषध थांबले तर रोग परत येतो. आणि औषध धरसोडीने घेतले, कधी एक मिळाले कधी दुसरे, तर पुन्हा वाढणाऱ्या या जंतूंतूनच नवे अपघात घडतात आणि त्या काळात एकट्याच पोटात गेलेल्या औषधाला दाद न देणारे जंतू निवडले जातात.

क्षयाचा जंतू आपला प्रतिकार केवळ वंशपरंपरेने पुढे देतो. इतर अनेक जंतूंजवळ आणखी एक वाट आहे. १९५५ साली जपानमध्ये आमांशाच्या एका रुग्णात एकाच वेळी चार औषधांना दाद न देणारे जंतू आढळले. इतके अपघात एका जंतूत एकदम कसे घडावेत, हे कोडे होते. १९५९ साली ओचिआइ आणि आकिबा या जपानी संशोधकांनी स्वतंत्रपणे त्याचा उलगडा केला. आतड्यातील निरुपद्रवी जंतू आणि आमांशाचे जंतू एकत्र वाढविले, की प्रतिकाराची जनुके एकाकडून दुसऱ्याकडे जातात. मुख्य गुणसूत्रापासून अलग असलेल्या जनुकांच्या एका लहान कड्यावर ती बसलेली असतात आणि कड्याची नक्कल शेजाऱ्याला देता येते, मग शेजारी वेगळ्या जातीचा का असेना. सर्दीपडशासारख्या, ज्यावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नाही अशा विकारावर, मनानेच आणलेल्या गोळीचे खरे नुकसान येथे होते. ती गोळी सर्दीच्या विषाणूला मारीत नाही. आतड्यातील कोट्यवधी निरपराध जंतूंना मात्र चाळून काढते. मागे राहतात ते प्रतिकाराचे धनी, आणि ते आपले धन केव्हा कोणा घातक जंतूला देतील याचा नेम नसतो. म्हणूनच सर्व रोगांना एकच नियम लागू होत नाही. क्षयाला दीर्घ आणि अखंड उपचार हवा. पुष्कळशा साध्या संसर्गांना थोड्या दिवसांचा उपचार पुरतो, आणि तो विनाकारण लांबविणे हितावह नसते. किती दिवस घ्यावे आणि केव्हा थांबावे, हे दोन्ही ठरविणे जाणत्याचे काम आहे.

खरे कारण विसरले गेले म्हणजे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी क्षयाच्या अशा चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, की ज्यांच्या जंतूंनी तपासून पाहिलेल्या एकाही औषधाला दाद दिली नाही. त्या रोगाला दिलेल्या नावावरून पुष्कळ वाद झाला. पण त्या टिपणातील एक तपशील नावाहून अधिक महत्त्वाचा होता. चारांपैकी तिघांना निरनिराळ्या खासगी व्यावसायिकांकडून औषधे मिळत गेली होती, आणि ती बहुधा एकेक करून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, वाढविण्यात आली होती. गुण येत नाही, तेव्हा एक औषध जोडून पाहावे. तरीही येत नाही, तेव्हा आणखी एक. वरवर पाहता हा विचार समंजस वाटतो. परंतु ज्या वेळी आधीची सर्व औषधे निकामी झालेली असतात, त्या वेळी नव्याने जोडलेले औषध खऱ्या अर्थाने एकटेच असते. जे १९४८ मध्ये एका औषधाच्या बाबतीत अजाणता घडले, तेच येथे एकामागून एक औषधाच्या बाबतीत घडत गेले. जंतूला एकेक पायरी बांधून दिली गेली.

अशा रुग्णाविषयी बोलताना ‘त्याने औषध अर्धवट सोडले’ असा ठपका समाज फार लवकर ठेवतो. तो पुष्कळदा अन्यायाचा असतो. औषधाचा पुरवठा खंडित झाला, चिठ्ठी चुकीची लिहिली गेली, गोळी निकृष्ट निघाली, तरी जंतूच्या दृष्टीने परिणाम एकच. शिवाय एकदा प्रतिकारी झालेला जंतू खोकल्यातून दुसऱ्याच्या छातीत जातो तेव्हा तो प्रतिकार बरोबर घेऊनच जातो. आज जगात बहुविध औषधांना न जुमानणारा क्षय ज्यांना होतो, त्यांच्यापैकी बहुसंख्यांना तो असा संसर्गानेच झालेला असतो. ज्याने आयुष्यात क्षयाची एकही गोळी घेतलेली नाही, त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या उपचारातील चुका येतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे गांभीर्य कळते.

सुदैवाने या तीस वर्षांत साधनेही सुधारली आहेत. पूर्वी जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे कळावयास आठवडेच्या आठवडे लागत. आता रिफॅम्पिसिनचा प्रतिकार जनुकांवरून सुमारे दोन तासांत ओळखता येतो. म्हणजे योग्य औषधांची निवड अंधारात करावी लागत नाही. २०१२ पासून क्षयरोगाची सरकारी नोंद करणे भारतात सक्तीचे झाले. १ मार्च २०१४ पासून क्षयावरील औषधे आणि अनेक प्रबळ प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याचा आणि त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवण्याचा नियम अमलात आला. २०१७ पासून देशभर क्षयरोग्यांना एकाच गोळीत एकत्र केलेली औषधे रोज देण्यास आरंभ झाला. गोळी एकच असली की तिच्यातील एखादे औषध वगळून दुसरे घेणे शक्यच होत नाही. नियमाचे पालन जणू गोळीच्या घडणीतच बसविले आहे.

बेडाक्विलीन हे क्षयावरील अगदी नव्या प्रकारचे औषध २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले आणि २०१६ पासून भारतात मर्यादित प्रमाणात देण्यात येऊ लागले. त्यापूर्वी चार दशकांत असे नवे औषध आले नव्हते. बेडाक्विलीन आणि आणखी तीन औषधे मिळून सहा महिन्यांचा जो उपचार तयार झाला, त्याला भारत सरकारने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मान्यता दिली. ज्या रोग्यांना पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार आणि त्यात इंजेक्शनेही घ्यावी लागत, बहिरेपणासारखे परिणाम सोसावे लागत, त्यांच्यापैकी अनेकांची आता सहा महिन्यांत सुटका होऊ शकते. परंतु बेडाक्विलीनला दाद न देणारे जंतूही जगात आढळू लागले आहेत. त्यात अनपेक्षित काही नाही. ज्या दिवशी ते औषध पहिल्या रुग्णाला दिले गेले, त्या दिवशीही कोठेतरी, कोणाच्या तरी छातीत, कोट्यवधींच्या समुदायात, त्याला न जुमानणारा एखादा जंतू होताच. त्याला एकट्या बेडाक्विलीनशी सामना मिळाला तर तो वाढेल. चार औषधांशी एकदम मिळाला तर त्या गर्दीतच संपेल. हे औषध किती काळ टिकेल, याचे उत्तर म्हणून प्रयोगशाळेत सापडणार नाही. चिठ्ठी लिहिणारा, दुकानात गोळी देणारा, गावोगाव साठा पोहोचविणारा आणि रोज सकाळी ती गोळी घेणारा, या चौघांनी मिळून त्या औषधाला किती दिवस एकटे पडू दिले नाही, यावरच ते ठरेल.